झाकली मूठ

सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफी मशीनपाशी ठरलेला प्रश्न असतो, "वीकेंडला काय केलंस?" कुणी लोणावळ्याला जाऊन आलेलं असतं, कुणी एक आख्खी सिरीज संपवलेली असते, कुणी नुसतंच झोपलेलं असतं (हे सगळ्यात सुखी). माझं उत्तर गेली काही वर्षं एकच आहे. "मीटिंग होती." यावर लोक आधी हळहळतात. रविवारीसुद्धा क्लायंट कॉल? मग मी सांगते की नाही रे, चर्चमधली मीटिंग. मग ते आणखीच हळहळतात.

या मीटिंगबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. दर वेळी अडायचं ते एकाच गोष्टीवर. तिथला पहिला नियमच असा की तिथलं बाहेर बोलायचं नाही. शेवटी परवा आमच्या अध्यक्षांना, म्हणजे टीचरना विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, "आपल्याबद्दल लिही की. त्यांच्याबद्दल नको." तर मंडळी, हा लेख 'आपल्याबद्दल' आहे. 'त्यांच्या'बद्दल जे थोडंफार येईल त्यात नाव, गाव, आजार, मुलांची संख्या सगळं बदललेलं आहे. शोधायला जाऊ नका.

आधी पत्ता. मी वसईची. नाव ऐकल्यावर "अय्या, तू क्रिश्चन? मग मराठी इतकं छान कसं?" हे आयुष्यात किती वेळा ऐकलं याचा हिशेब ठेवणं मी कॉलेजातच सोडून दिलं. पोर्तुगीज वसईत १५३४ ला आले आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर गेले. आम्ही कुठंच गेलो नाही. आमच्या वाड्या, विहिरी, केळी, बोली आणि भांडणं सगळी इथंच राहिली. घरात कादोडी, मिस्साला मराठी, ऑफिसात इंग्रजी, आणि विरार लोकलमध्ये त्या क्षणाला जी उपयोगी पडेल ती. माझी आजी तर चर्चला शेवटपर्यंत देऊळच म्हणायची.

असो. मीटिंग असते सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची. गावात नुसतं 'सोसायटी' म्हणतात. त्यामुळे आमच्या गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका काकूंना कितीतरी दिवस वाटत होतं की मी बिल्डिंगच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे. त्यांनी मला पाण्याच्या टाकीबद्दल दोनदा तक्रारही सांगितली. ही सोसायटी फादर लोकांची नाही, सिस्टर लोकांची नाही. साध्या, संसारी माणसांची आहे. एकेका पॅरिशमध्ये तिचं एकेक छोटं मंडळ असतं, त्याला म्हणायचं 'कॉन्फरन्स'. दर आठवड्याला भेटायचं, प्रार्थना करायची, आणि दोघादोघांनी मिळून अडचणीतल्या कुटुंबांच्या घरी जायचं. काम एवढंच.

'कॉन्फरन्स' हा शब्द ऐकून तुमच्या डोळ्यांसमोर पंचतारांकित हॉटेल आणि गळ्यात बिल्ला आला असेल. माझ्याही आला होता. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १८३३ चं पॅरिस. आदल्याच वर्षी कॉलऱ्यानं शहर झोडपून काढलेलं. फ्रेदेरिक ओझानाम नावाचा कायद्याचा विद्यार्थी आणि त्याचे दोस्त इतिहासावर वादविवाद करायला एक मंडळ चालवत, त्या मंडळाला म्हणायचे कॉन्फरन्स. आपल्याकडच्या कट्ट्यासारखंच, फक्त जास्त शिकलेलं. तिथं एकदा विरुद्ध बाजूच्या कुणीतरी विचारलं की तुमच्या चर्चनं पूर्वी बरंच काही केलं असेल, पण आज तुम्ही काय करता? वादात हरल्यावर माणसं साधारणपणे पुढच्या वादाची तयारी करतात. या पोरांनी वेगळं केलं. २३ एप्रिल १८३३ ला ती एका वर्तमानपत्राच्या कचेरीत जमली. बायी नावाचे वयानं मोठे संपादक त्यांचे अध्यक्ष झाले. ओझानामचा त्या दिवशी विसावा वाढदिवस होता. गरिबांच्या घरी जायचं ठरलं, पण जायचं कसं, बोलायचं काय, हे एकालाही ठाऊक नव्हतं. मग गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या सिस्टर रोझली रांदू यांच्याकडे गेले. त्यांनी पत्ते दिले, आणि कसं वागायचं तेही शिकवलं. वादविवाद मंडळाचं नाव नव्या मंडळालाही तसंच चिकटलं. ओझानाम पुढे सोर्बोनमध्ये प्राध्यापक झाला, चाळिसाव्या वर्षी १८५३ मध्ये गेला, आणि १९९७ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी पॅरिसमध्ये त्याला धन्यवादित घोषित केलं.

वीस वर्षांचा मुलगा! आमच्या कॉन्फरन्समध्ये सगळ्यात तरुण मी, आणि मला परवा चौतीस पूर्ण झाली. माझ्यानंतरची तरुण व्यक्ती पंचावन्न वर्षांची आहे. बाकीच्यांचं वय विचारायचं नसतं, गुडघे सांगतात.

आता मीटिंग. मिस्सा संपल्यावर साडेआठला पॅरिश हॉलच्या मागच्या खोलीत. पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एक लोखंडी कपाट, भिंतीवर संत व्हिन्सेंटचं चित्र, पंखा दोनच स्पीडवर चालतो, बंद आणि वादळ. आधी प्रार्थना, मग थोडं आध्यात्मिक वाचन, मागच्या मीटिंगचं इतिवृत्त, खजिनदारांचा हिशेब, मग एकेका जोडीनं आठवड्यातल्या भेटींचा वृत्तांत द्यायचा. ऑफिसातल्या रोजच्या स्टँड-अपची इतकी सवय झालीय की पहिल्या महिन्यात मी मनातल्या मनात म्हणत असे, काल काय केलं, आज काय करणार, ब्लॉकर काय? आणि खरंच तसंच असतं. ब्लॉकर मात्र वेगळे. "मुलगा दारू पितो, पैसे हातात देता येत नाहीत." "रेशनकार्डावर नाव सासरचं आहे." "आजी गोळ्या अर्ध्या करून खाते, पुरवून."

इतिवृत्तात सगळ्या पुरुषांच्या नावाआधी 'ब्रदर' आणि बायकांच्या नावाआधी 'सिस्टर' लिहायचं ही जुनी रीत. 'ब्रदर अमुक यांनी ब्रदर तमुक यांच्या सूचनेला अनुमोदन दिलं.' या ब्रदरची गंमत पुढे येईल.

सगळं झाल्यावर थैली फिरते. मरून मखमलीची, तोंडाला नाडी असलेली जुनी थैली आहे. कुणाच्या आजीच्या साडीची असावी अशी अफवा आहे. प्रत्येकानं बंद मूठ आत घालायची आणि उघडी बाहेर काढायची. कुणी किती टाकले, टाकले की नाही, कुणालाही कळत नाही. ही पद्धत आमच्या गावची नाही, जगभरातल्या कॉन्फरन्समध्ये असंच आहे, त्याला गुप्त वर्गणीच म्हणतात. यामागचा विचार मला इंजिनिअर म्हणून भयंकर आवडतो. ज्याच्याकडे या आठवड्यात काहीच नाही, त्यालाही मूठ घालता येते. आमच्यातही असे आहेत, असणारच. वाडीत राहून, केळी विकून, पोरांची शिक्षणं काढून आलेली माणसं आहेत ही. कधी थैलीतून तीनशे निघतात, कधी नऊ हजार. नऊ हजार निघाले त्या रविवारी खजिनदार अंकलनी रक्कम दोनदा मोजली, मग नेहमीच्याच आवाजात वाचून दाखवली, आणि कुणीही कुणाकडेही बघितलं नाही. दहा माणसांनी एकाच वेळी पंख्याकडे बघितलंय असं दृश्य तुम्ही पाहिलंय का?

मध्यंतरी सूचना आली की थैलीऐवजी क्यूआर कोड लावू या. सूचना चुकीची नव्हती. आजकाल खिशात नोटा असतात कुणाच्या? माझ्याच नसतात, शनिवारी रात्री आठवणीनं एटीएमला जावं लागतं. पंचावन्नवाल्या ताईंनी तर कोडचा प्रिंटही आणला होता, लॅमिनेट करून. खजिनदार अंकलनी तो हातात घेतला, उलटसुलट बघितला आणि विचारलं, "हे झाल्यावर माझ्या मोबाइलवर नाव येणार ना?" हो, येणार. "आणि आकडा?" तोही येणार. "मग ज्याचं नाव आलं नाही, ते पण मला कळणार." ताईंनी शांतपणे प्रिंट पर्समध्ये ठेवला. तो आता देवळाबाहेरच्या गरिबांच्या पेटीवर चिकटवलाय आणि तिथं झकास चालतो. आत मात्र अजून थैलीच. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती आपण लाज झाकण्यासाठी वापरतो. इथं तिचा अर्थ जरा बरा आहे.

मी या सगळ्यात आले ती पप्पांमुळे. ते बावीस वर्षं सोसायटीत होते. रविवारी मिस्साहून सगळी मुलं बापाबरोबर घरी जायची, मी आईबरोबर जायचे, कारण पप्पा "मीटिंग" करून येणार. गुरुवारी संध्याकाळी ते सायकलला भाजीची पिशवी लावून कुठंतरी जायचे. कुठं, ते आईलाही माहीत नसायचं. आईनं एक-दोनदा विचारलं असेल, मग सोडून दिलं. आमच्या घरी पप्पांच्या स्वभावात आणखीही बऱ्याच न विचारण्यासारख्या गोष्टी होत्या, त्यातलीच एक.

ते गेले २०१९ च्या पावसात. वसईत मयत म्हटलं की घर माणसांनी भरतं. सोसायटीची मंडळी न सांगता आली आणि न सांगता कामाला लागली. खुर्च्या, चहा, फादरना निरोप, मृत्यूच्या दाखल्यासाठी कागद, सगळं. मला फक्त सही करायला पुढे केलं. स्मशानभूमीत सगळे पांगले तरी एक रिक्षावाला मागे थांबला होता. दाढी, खाकी शर्ट, पन्नाशीचा. मुसलमान होता हे त्याच्या टोपीवरून कळलं. तो मातीकडे बघून रडत होता, अगदी हमसून. मी जवळ गेले तर हात जोडले, एक शब्द बोलला नाही आणि रिक्षा घेऊन निघून गेला. मी टीचरना विचारलं, हा कोण? त्यांना माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ते स्पष्ट दिसलं. त्या म्हणाल्या, "चल, आई एकटी आहे घरी."

पुढच्याच महिन्यात मी मीटिंगला जायला लागले. कारण उदात्त वगैरे काही नव्हतं. मला त्या माणसाचं कोडं सोडवायचं होतं. आता मी सेक्रेटरी आहे. लोखंडी कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, आणि त्या कपाटात जुनी सगळी इतिवृत्तं आहेत. पप्पांच्या अक्षरातलीही दोन वह्या भरून आहेत. पण आमच्या कॉन्फरन्समध्ये इतिवृत्तात कुटुंबाचं नाव कधीच लिहीत नाहीत, नंबर लिहितात. नंबर आणि नाव यांची जोडणी अध्यक्षांच्या छोट्या वहीत, आणि कुटुंबाची मदत थांबली की त्या वहीतलं पान फाडून टाकायचं. तिशीच्या आतल्या कुणीतरी शहाण्या माणसानं प्रायव्हसी पॉलिसी लिहायच्या कितीतरी आधीची ही पद्धत आहे, आणि कुठलाही ऑडिटर तिला नावं ठेवणार नाही. तर पप्पांच्या वहीत मला मिळतं ते असं: 'कुटुंब ७. भेट झाली. चहा घेतला. मुलाची फी भरली. पुन्हा गुरुवारी.' सात म्हणजे तो? की अकरा? की वहीत नसलेलाच कुणी? माहीत नाही. टीचर सांगणार नाहीत, आणि मीही विचारणं बंद केलंय.

घरी जायचं ते नेहमी दोघांनी. याची कारणं सरळ आहेत. एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं, पैशाच्या बाबतीत संशयाला जागा राहत नाही, आणि परत येताना बोलायला कुणीतरी लागतं. हे तिसरं कारण नियमात नाही, ते माझं. माझी जोडी टीचरबरोबर. टीचर म्हणजे पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झालेल्या, त्यामुळे निम्मी वसई त्यांच्यापुढे अजून हाताची घडी घालते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी पायऱ्या चढताना शिकवलं. घरात शिरल्यावर भिंती बघायच्या नाहीत. चहा दिला तर घ्यायचाच, कप कसाही असला तरी. सामानाची पिशवी दारात कुणाला दिसेल अशी द्यायची नाही, बोलता बोलता कोपऱ्यात ठेवायची. आणि घड्याळ बघायचं नाही. शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. माझ्या मनगटावरचं स्मार्टवॉच मीटिंगच्या आठवणी करून देत थरथरत असतं. टीचरनी एकदा ते इतक्या कुतूहलानं बघितलं की आता मी ते गुरुवारी काढूनच ठेवते.

कुणाच्या घरी जातो? फक्त कॅथलिकांच्या नाही. जात-धर्म विचारायचा नाही हा नियमच आहे. भाड्याच्या खोलीत राहणारं उत्तर प्रदेशातलं कुटुंब असतं, पाड्यावरची आदिवासी बाई असते, आणि कधी कधी गावातलंच मोठ्या कौलारू घरातलं म्हातारं जोडपं असतं, ज्यांची मुलं कॅनडात आहेत आणि फोन उचलत नाहीत. एका आजींकडे आम्ही चार वर्षं जातो. त्यांच्या नातवाला मागच्या वर्षी नोकरी लागली, म्हणून नियमाप्रमाणे आमची मदत थांबायला हवी होती. टीचरनी हळूच विषय काढला. आजी म्हणाल्या, "पैसे कोण मागतंय? गुरुवारी मी कुणासाठी चहा टाकू?" मीटिंगमध्ये यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी इतिवृत्तात मी लिहिलं: 'मदत बंद. भेटी चालू.'

यावर ऑफिसातल्या एका मित्राचा मुद्दा असतो, आणि तो हुशार आहे म्हणून मला त्याचा मुद्दा टाळता येत नाही. तो म्हणतो, तुम्ही महिन्याला हजार-दीड हजार देऊन काय बदलणार? हे सरकारचं काम आहे. तुम्ही फक्त स्वतःला बरं वाटून घेता. मी त्याला सांगते की ओझानामलाही हेच वाटायचं. १८४८ च्या क्रांतीच्या वर्षात त्यानं मित्रांबरोबर वर्तमानपत्र काढलं, कामगारांच्या बाजूनं लिहिलं, निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. दानानं जखम बांधता येते, पण घाव घालणारा हात थांबवायला न्याय लागतो, अशी त्याची धारणा होती. आणि गुरुवार मात्र त्यानं सोडला नाही. आमचंही आता निम्मं काम कागदांचंच आहे. संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्म, उत्पन्नाचा दाखला, बँक खात्याला आधार जोडणं, हॉस्पिटलात महात्मा फुले योजनेचा डेस्क शोधणं. बोटांचे ठसे झिजलेल्या बाईचा अंगठा मशीन घेत नाही तेव्हा काय करायचं, हे मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवलं नव्हतं. मी तहसील कार्यालयात सुट्टी टाकून बसते तेव्हा माझा मॅनेजर समजतो की मी घर घेतेय.

आता त्या ब्रदर लोकांची गंमत. आमच्यात दोन सख्खे चुलतभाऊ आहेत. एक मास्तर, दुसरे खजिनदार अंकल. दोघांच्या वाड्या शेजारी शेजारी, मध्ये एक बांध. तो बांध कुणी किती फूट कुणीकडे सरकवला यावर दोघांची कोर्टात केस आहे. केस लागली तेव्हा मी बारावीत होते. तुम्ही वसईचे नसाल तर हे हास्यास्पद वाटेल. केळीचा बांध तो केवढा! पण इथं गुंठ्याचा भाव काय झालाय ते बघा, मग हसा. आमच्या पिढीत निम्म्या घरांत असा एक बांध आहे. त्यावरून लग्नाची आमंत्रणं थांबली, मयताला खांदे बदलले.

हे दोघं वर्षानुवर्षं एकाच खोलीत, दर रविवारी, दोन टोकांच्या खुर्च्यांवर. एकमेकांशी एक शब्द नाही. हिशेबात शंका असली की मास्तर म्हणणार, "अध्यक्षांनी खजिनदारांना विचारावं, औषधांचे साडेसातशे कुठल्या खात्यात धरले." आणि अंकल म्हणणार, "अध्यक्षांनी सभासदांना सांगावं, मागच्या पानावर लिहिलंय." मध्ये टीचर, टेनिसच्या जाळीसारख्या. आणि मी इतिवृत्तात लिहिणार, 'ब्रदर अमुक यांनी ब्रदर तमुक यांना...' मी एकदा टीचरना म्हटलं, यातला एक जण सोडून का जात नाही? त्या म्हणाल्या, "दोघांनाही वाटतं, दुसऱ्यानं जावं. म्हणून दोघंही आहेत. चांगलंच आहे."

दोन वर्षांपूर्वी टीचरनी नव्या जोड्या वाचून दाखवल्या आणि या दोघांची जोडी लावली. खोलीत इतकी शांतता की पंख्याचं वादळही ऐकू येईना. ज्याच्याकडे जायचं होतं तो माणूस दोघांच्या लहानपणचा सवंगडी, पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेला. हे टीचरना माहीत होतं आणि त्या दोघांनाही. नाही म्हणायला मास्तर उभे राहिले, आणि मग बसले.

पहिले काही महिने दोघं दोन स्कूटरवरून जायचे, दोन वेगळ्या रस्त्यांनी. वृत्तांतही दोन द्यायचे. "मी त्यांची दाढी केली," मास्तर. "मी त्यांना कुशीवर वळवलं," अंकल. त्या भल्या माणसाच्या बायकोनं टीचरना हसत सांगितलं की हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, पण नवऱ्याला उचलताना एक-दोन-तीन एकत्र म्हणतात, म्हणावंच लागतं. पुढे पावसाळ्यात मास्तरांची स्कूटर बंद पडली. तेव्हापासून दोघं एकाच स्कूटरवर येतात. तो माणूस गेल्या डिसेंबरात गेला. त्याच्या पेटीला पुढच्या बाजूनं हे दोघं होते.

तुम्हाला वाटेल आता केस मिटली. नाही हो. केस आहे तिथंच आहे. तारखेला दोघं जातात, आपापल्या वकिलाशेजारी उभे राहतात, आणि म्हणे एकाच स्कूटरवरून परत येतात. बांधाबद्दल दोघांचंही मत तसूभर बदललेलं नाही, मी विचारलंय. मीटिंगमध्ये मात्र मास्तर आता सरळ म्हणतात, "अरे, ते साडेसातशे कुठं धरलेस?" मला ते लिहून घेताना अजून दचकायला होतं.

लॉकडाऊनमध्ये आमचे दोन सभासद गेले, एक २०२० मध्ये आणि एक दुसऱ्या लाटेत. त्या काळात मीटिंग फोनवर व्हायची, तीही अर्धी "हॅलो, ऐकू येतंय का?" मध्ये. थैली कपाटात पडून होती. पुन्हा खोलीत जमलो त्या पहिल्या रविवारी ती फिरवली तेव्हा नाडी बांधताच येईना. सगळ्यांनीच दर रविवारचे पैसे घरी बाजूला काढून ठेवले होते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. एका बिस्किटाच्या पुड्याच्या कागदात गुंडाळलेली चिल्लर होती, ती मोजायला अंकलना दहा मिनिटं लागली.

आता आम्ही नऊ. एक ताई मुलाकडे न्यूझीलंडला निघाल्यात, म्हणजे आठ. वरच्या कौन्सिलकडून प्रेमळ सूचना आली की शेजारच्या पॅरिशच्या कॉन्फरन्समध्ये विलीन व्हा. कागदावर एकदम योग्य आहे. ऑफिसात असा प्रस्ताव आला असता तर मीच त्याची स्लाइड बनवली असती. पण ती मीटिंग चार किलोमीटरवर, टीचरना रिक्षात चढता येत नाही, आणि ज्यांच्याकडे आम्ही जातो त्यांना तोंडओळख लागते. जूनच्या तोंडाशी चौदा मुलांच्या फीची यादी पुढ्यात असताना आम्ही यावर मत घेतलं. मास्तर आणि अंकल दोघंही विलीन व्हायच्या विरोधात, या एका बाबतीत एकमत. ठरलं असं की सहा महिने थांबायचं, तेवढ्यात तीन नवे सभासद आणायचे. नाही मिळाले तर जायचं, कुरकुर न करता.

एक मिळालाय. तेवीस वर्षांचा आहे, बी. फार्म. करून मेडिकलच्या दुकानात काम करतो, त्यामुळे जेनेरिक औषधांची माहिती आमच्या सगळ्यांपेक्षा त्याला जास्त. परवा त्याची पहिलीच मीटिंग. थैली जवळ आली तसा तो गडबडला आणि शेजारी वाकून हळूच विचारलं, "अंकल, किती टाकायचे असतात?" शेजारी मास्तर बसले होते. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं आणि पंख्याकडे बघायला लागले.